ट्रकमागे गाडी ओढत शिकागो ते फिनिक्स: गाडीला काही होऊ नये म्हणून काय काय करायचं?

चिंचगुळ

नमस्कार मंडळी. मार्चच्या मधल्या आठवड्यात आमचं शिकागोजवळच्या नेपरव्हिलहून चँडलरला, म्हणजे फिनिक्सच्या शेजारी, शिफ्टिंग आहे, नवऱ्याचा जॉब बदललाय. मुलगी लहान आहे म्हणून मी आणि ती विमानाने जाणार, आणि यू-हॉल कंपनीचा भाड्याचा २६ फुटी ट्रक नवरा आणि दीर आळीपाळीने चालवत नेणार. साधारण साडेसतराशे मैल. आमची होंडा सीआर-व्ही ट्रकच्या मागे ओढत न्यायचं ठरतंय, कारण दोघांपैकी एकाने गाडी वेगळी चालवली तर ट्रकवर दुसरा ड्रायव्हर उरत नाही.

गाडी नवीन आहे, गडद निळा रंग, आणि खूप जपलीये. माझी मुख्य काळजी रंगाची आहे. ट्रकच्या मागच्या चाकांनी उडालेले खडे, रस्त्यावरचं मीठ, पुढे वाळवंटातली धूळ, हे सगळं थेट बॉनेटवर आणि काचेवर येणार ना? म्हणून आम्ही ठरवत होतो की चांगलं जाड कार कव्हर घालावं आणि वरून सामान बांधायची ती प्लॅस्टिकची स्ट्रेच फिल्म गुंडाळावी म्हणजे कव्हर उडणार नाही. आणि टो डॉली घ्यावी की पूर्ण ट्रेलर? डॉली स्वस्त पडतेय. कुणी केलंय का असं? सविस्तर सांगाल का प्लीज.

रानवारा

कव्हर अजिबात घालू नका! माझं डिटेलिंगचं (गाड्या धुऊन-पॉलिश करून चकचकीत करायचं) काम आहे इथे ओहायोत, आणि मूव्ह झाल्यावर आलेल्या गाड्यांमध्ये सगळ्यात जास्त काम कव्हर घालून ओढलेल्या गाड्यांचंच निघतं. कव्हर कितीही घट्ट बांधा, ताशी ५५ मैलांच्या वाऱ्यात ते फडफडतंच, आणि कव्हर आणि रंगाच्या मध्ये जी बारीक धूळ शिरते तिचा पॉलिश पेपर होतो, तासन् तास तोच कोपरा घासला जातो. आरशांच्या कडा, दरवाज्याच्या कडा, बॉनेटचे कोपरे, इथे क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) उडून खालचा पांढरट थर दिसायला लागतो. खड्याचा टिपका टचअपने झाकता येतो, हे घासलेलं झाकता येत नाही, पॅनल पुन्हा रंगवावं लागतं.

स्ट्रेच फिल्म तर त्याहून वाईट. ती फाटते, फाटलेलं टोक काचेवर रंगावर आपटत राहतं, पाऊस आला तर पाणी आत अडकतं, आणि तुम्ही ॲरिझोनाच्या उन्हात पोचणार म्हणजे ती चिकटून बसणार. पुढच्या भागासाठी काय करता येईल ते नंतर सविस्तर लिहितो, आत्ता कामावर आहे. पण कव्हरचे पैसे वाचवा.

गॅरेजवाला

रंगाचं होईल बरोबर, पण त्याच्या आधी एक सांगा, तुमची सीआर-व्ही फ्रंट व्हील ड्राइव्ह आहे की ऑल व्हील ड्राइव्ह? मागच्या दारावर उजव्या बाजूला एडब्ल्यूडी असं लिहिलंय का ते बघून या. सगळं यावर अवलंबून आहे आणि हा प्रश्न बुकिंग करायच्या आधी सोडवायचा असतो.

टो डॉली म्हणजे दोन चाकांची छोटी गाडी. तिच्यावर तुमच्या गाडीची फक्त पुढची चाकं चढतात, मागची दोन रस्त्यावर फिरत राहतात. फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीला हे चालतं, कारण मागची चाकं नुसती फिरतात, त्यांचा गिअरबॉक्सशी काही संबंध नसतो, हँडब्रेक तेवढा सोडलेला पाहिजे. (हँडब्रेक विसरला तर पन्नास मैलांत मागचे ब्रेक जळतात, इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेकवाल्या गाड्यांमध्ये तर काही वेळा पी मध्ये टाकून गाडी बंद केली की तो आपोआप लागतो, तेव्हा उतरून गाडी हलते का ते तपासायचंच.)

ऑल व्हील ड्राइव्हमध्ये मात्र मागची चाकं एका लांब शाफ्टने पुढच्या भागाला जोडलेली असतात. मागची चाकं फिरतायत, पुढची डॉलीवर बांधलेली आहेत, म्हणजे मधलं कपलिंग आणि डिफरन्शियल सतत घासत, तापत राहणार. गाडी बंद असल्यामुळे आतलं तेल पाहिजे तसं फिरत नाही. शंभर दोनशे मैलांतच नुकसान होऊ शकतं आणि तुम्हाला साडेसतराशे जायचंय. होंडाच्या मॅन्युअलमध्येच लिहिलंय की एडब्ल्यूडी गाडी ओढायची तर चारही चाकं जमिनीपासून वर. यू-हॉलही एडब्ल्यूडी गाडी डॉलीवर चढवू देत नाही, मागचा ड्राइव्हशाफ्ट सोडवलेला असेल तरच, आणि ते घरी करायचं काम नव्हे.

कुणी सांगेल की मोटरहोमवाले सीआर-व्ही चारही चाकांवर ओढतात. ओढायचे, पण जुन्या मॉडेलच्या. २०१५ पासून सीव्हीटी (पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स आला आणि होंडाने ती परवानगी काढून घेतली. त्यामुळे जुने व्हिडिओ बघून ठरवू नका. मॅन्युअलमध्ये 'टोइंग' हे पान उघडा, आपल्या सालाचं, आपल्या मॉडेलचं. रंग खराब झाला तर दिसतो तरी, गिअरबॉक्सचं नुकसान सहा महिन्यांनी कळतं आणि तेव्हा कुणाकडे दाद मागायला जागा राहत नाही.

चिंचगुळ

गॅरेजवाला दादा खूप खूप धन्यवाद, आत्ताच खाली जाऊन बघून आले, एडब्ल्यूडीच आहे! डॉलीचं बुकिंग अजून केलं नव्हतं. म्हणजे आता चारही चाकं वर घेणारा ट्रेलरच. त्यालाच ऑटो ट्रान्सपोर्ट म्हणतात ना? आणि गाडी त्याच्यावर चढवायची आपणच? नवऱ्याने आयुष्यात कधी ट्रेलर ओढलेला नाही.

खडीसाखर

मधेच विचारतेय, आमची टेस्ला मॉडेल वाय आहे, आम्ही पुढच्या वर्षी बे एरियातून ऑस्टिनला जाणार. ती डॉलीवर चालेल का? रिअर व्हील ड्राइव्हवाली आहे.

गॅरेजवाला

खडीसाखर, नाही. टेस्लाची कुठलीच गाडी चाकं जमिनीवर ठेवून ओढायची नाही. चाकं फिरली की मोटर फिरते आणि वीज तयार करायला लागते, त्यातून मोटर तापून नुकसान होतं. चारही चाकं वर, पट्टे चाकांना, बॉडीला नाही. आणि निघताना सेंट्री मोड (उभ्या गाडीवर कॅमेऱ्याने पहारा ठेवणारा) बंद करा नाहीतर बॅटरी खाईल. वजन पण बघा, यू-हॉलच्या ऑटो ट्रान्सपोर्टवर गाडीचं वजन ५,२९० पौंडांपर्यंतच चालतं. मॉडेल वाय बसते त्यात, पण मोठ्या इलेक्ट्रिक पिकअप बसत नाहीत.

चिंचगुळ ताई, हो तोच ट्रेलर. तुमची गाडी साडेतीन हजार पौंडांच्या आसपास असेल, काही अडचण नाही. रिकामा ट्रेलर २,२१० पौंडांचा असतो, म्हणजे ट्रकच्या मागे जवळजवळ पावणेसहा हजार पौंड लागणार आहेत हे दोघांनी डोक्यात ठेवायचं.

आता चढवायचं कसं ते क्रमाने सांगतो कारण क्रम चुकला की गाडीला मार बसतो. आधी ट्रकमध्ये सगळं सामान भरायचं. मग ट्रेलर जोडायचा. मग गाडी चढवायची. ट्रक रिकामा असताना गाडी चढवली आणि नंतर सामान भरलं तर ट्रकची मागची बाजू खाली बसते आणि ट्रेलरचा सगळा कोन बदलतो. ट्रकमध्ये जड वस्तू, वॉशर, पुस्तकांची खोकी, घरघंटी असेल तर ती, सगळं केबिनच्या बाजूला. जागा सपाट पाहिजे, उतारावरच्या ड्राइव्ह-वेत हे करू नका, जवळच्या एखाद्या मोठ्या पार्किंगमध्ये सकाळी लवकर जा.

गाडी नेहमी तोंड पुढे करूनच चढवायची. इंजिन पुढे असतं म्हणून वजन पुढे राहतं आणि ट्रेलरचा पुढचा, ट्रकला जोडायचा दांडा ट्रकवर नीट दाबून बसतो. उलटी चढवली तर वजन मागे जातं आणि हायवेवर ट्रेलर डावी उजवीकडे डुलायला लागतो, तो डुलायला लागला की गाडी, ट्रेलर, ट्रक, सगळंच धोक्यात.

एकाने चालवायचं, एकाने समोर उभं राहून हाताने दाखवायचं. समोर म्हणजे बाजूला उभं राहून हां, गाडी आणि ट्रकच्या मध्ये कुणीही उभं राहायचं नाही, दिराला हे आधी सांगा. आरसे आत. पुढची चाकं शेवटच्या आडव्या पट्टीला टेकली की थांबायचं, पी, हँडब्रेक, इंजिन बंद. इथे हँडब्रेक लावायचा, डॉलीच्या उलट. ड्रायव्हरच्या बाजूचं ट्रेलरचं फेंडर (चाकावरचं आवरण) खाली पाडता येतं, ते पाडल्याशिवाय दार उघडू नका, दाराची खालची कड फेंडरवर आपटून रंग उडतो, हे फार जणांचं होतं. उतरलं की फेंडर परत वर करून लॉक करायचं.

मग पट्टे. ते पुढच्या टायरवरून जातात, रॅचेटने (पट्टा ताणायच्या दातेरी खटक्याने) आवळायचे. पट्टा टायरच्या मध्यावर बसला पाहिजे, कडेला सरकून अलॉयला घासता कामा नये. टायर बांधायचा, बॉडी नाही, म्हणजे सस्पेन्शनला आपलं काम करता येतं, खड्ड्यात गाडी वरखाली होईल पण जागेवरून हलणार नाही. सेफ्टी चेन गाडीच्या खालून लावताना हुक चेसिसच्या मजबूत भागाला, ब्रेकची नळी, स्टीअरिंगचे रॉड, प्लॅस्टिकचं आवरण यांना चेन टेकत नाहीये ना ते वाकून टॉर्चने बघायचं. आणि ट्रक आणि ट्रेलरच्या मधल्या ज्या चेन असतात त्या दांड्याखालून एकमेकींना ओलांडून फुलीसारख्या लावायच्या, कारण दांडा सुटला तर तो जमिनीवर न पडता त्या चेनवर पडतो.

निघाल्यावर पाचएक मैलांवर थांबा. टायर पट्ट्यात बसतो आणि पट्टा सैल पडतो, नेहमीच पडतो. परत आवळा. त्यानंतर जेव्हा जेव्हा पेट्रोलला थांबाल तेव्हा पट्टे, चेन, दांड्याचं लॉक, ट्रेलरचे दिवे, आणि ट्रेलरच्या चाकाच्या मधल्या भागाजवळ हात नेऊन बघायचं, एक चाक बाकीच्यांपेक्षा फार गरम लागत असेल तर बेअरिंग किंवा ब्रेक अडकलाय, तिथून पुढे जाऊ नका, कंपनीच्या रोडसाइड मदतीला फोन करा.

पाऊलवाट

गॅरेजवाल्यांनी बांधायचं उत्तम लिहिलंय, मी चालवायचं लिहितो. आम्ही फिनिक्सलाच राहतो आणि इथे येणाऱ्या मित्रांची वाट बघत बसायची वेळ बऱ्याचदा आलीये, म्हणून हा रस्ता नीट माहितीये.

तुमचा रस्ता सरळ आहे. आय-५५ ने (आय म्हणजे इंटरस्टेट हायवे) सेंट लुईस, तिथून आय-४४ ने मिसुरी पार करून टल्सा, ओक्लाहोमा सिटी, मग आय-४० धरून अमरिलो, अल्बुकर्की, फ्लॅगस्टाफ, आणि शेवटी आय-१७ ने खाली फिनिक्स. यू-हॉलच्या ट्रेलरवर ५५ ची कमाल मर्यादा असते आणि ती पाळायचीच. न्यू मेक्सिकोत आणि ॲरिझोनात आय-४० वर बाकीचे ७५ ने जातील, मागून हॉर्न देतील, देऊ दे. उजव्या लेनमध्ये राहायचं. चार दिवस धरा, तीन दिवसांत बसवायचा प्रयत्न केला की शेवटच्या दिवशी दमलेल्या माणसाच्या हातात आय-१७ चा उतार येतो.

टेक्सास पॅनहँडल (टेक्सासचा उत्तरेकडचा चौकोनी भाग) आणि पूर्व न्यू मेक्सिको, म्हणजे अमरिलोपासून क्लाइन्स कॉर्नर्सपर्यंत, मार्चमध्ये वारा भयंकर असतो आणि तोही आडवा. रिकाम्या माळावर २६ फुटी डब्याला तो ढकलतो आणि मागचा ट्रेलर हलायला लागतो. ट्रेलर डुलायला लागला तर ब्रेक मारायचा नाही, स्टीअरिंग उलटसुलट फिरवायचं नाही, ॲक्सिलरेटर सोडायचा आणि स्टीअरिंग सरळ घट्ट धरून वेग कमी होऊ द्यायचा. हे दोघांनी निघायच्या आधी एकमेकांना तोंडपाठ म्हणून दाखवा, कारण त्या क्षणी पाय आपोआप ब्रेकवर जातो. वाऱ्याची वॉर्निंग असेल तर टुकुमकारीला किंवा सांता रोझाला अर्धा दिवस थांबा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. होलब्रुकला पोचलात की मोबाइलचा मॅप तुम्हाला आय-४० सोडून हेबर, पेसनमार्गे फिनिक्सला जायला सांगेल कारण ते जवळ पडतं. ऐकू नका. तो रस्ता मोगोयॉन रिमवरून (पठाराच्या उंच कड्यावरून) एकदम खाली उतरतो, वळणं आणि तीव्र उतार, लहान गाडीने छान आहे, मी स्वतः जातो, पण पहिल्यांदाच ट्रेलर ओढणाऱ्याने भरलेल्या ट्रकने तिथे जायचं नाही. सरळ फ्लॅगस्टाफला जा.

आय-१७ वर पण उतार आहेतच. फ्लॅगस्टाफ ७,००० फुटांवर, फिनिक्स ११०० च्या आसपास. कॅम्प व्हर्डीकडे उतरताना ६ टक्क्यांचा लांब उतार लागतो, मग परत चढ, मग सनसेट पॉइंटच्या पुढे ब्लॅक कॅन्यन सिटीकडे परत उतार. उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर टाकायचा, ट्रकला टो-हॉलचं (ओझं ओढतानाच्या गिअर सेटिंगचं) बटण असेल तर ते दाबायचं, आणि ब्रेकवर पाय ठेवून उतरायचं नाही. थोडा दाबायचा, वेग कमी करायचा, सोडायचा, म्हणजे ब्रेकला थंड व्हायला वेळ मिळतो. यू-हॉलच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतात, ट्रकने ब्रेक मारला की ट्रेलर पुढे दाबला जातो आणि त्या दाबाने ते लागतात. म्हणजे तुम्ही सतत दाबून ठेवलात तर ट्रेलरचे पण सतत लागलेले राहणार आणि तापणार.

मार्चमध्ये फ्लॅगस्टाफला बर्फ पडू शकतो, भरपूर पडतो कधीकधी. ॲरिझोना ५११ (रस्त्यांची सरकारी माहिती सेवा) बघत राहा. बर्फ असेल तर विन्स्लोला किंवा गॅलपला मुक्काम करा. दुपारनंतर रस्ता मोकळा झाल्यावर निघालं तर गाडीवर मीठ-चिखल पण कमी उडतो.

मनमाड_एक्सप्रेस

छान धागा. तुमच्या इथे स्वतः ओढता येते, इथे तसं काही नाही, आम्हाला कार कॅरिअरवरच भरवसा. मी पुण्याहून गुरुग्रामला गाडी पाठवली तेव्हा शिकलेल्या दोन गोष्टी लिहितो, कुणाला उपयोग झाला तर. एक, गाडी तुमच्या दारातून थेट कॅरिअरवर चढत नाही, त्यांचा माणूस ती आधी यार्डापर्यंत चालवत नेतो आणि तिकडेही यार्डातून घरापर्यंत चालवतो. म्हणून चावी देताना मीटरच्या रीडिंगचा फोटो काढायचा, पेट्रोल थोडंच ठेवायचं, आणि फास्टॅग काढून घ्यायचा किंवा बंद करायचा. दोन, बिल्टी (मालवाहतुकीची पावती) हातात आल्याशिवाय गाडी सोडायची नाही आणि बिल्टीवर गाडीचा नंबर, ट्रान्झिट इन्शुरन्स आणि आधीचे ओरखडे लिहून घ्यायचे. माझ्याकडे एका एजंटने वाटेत फोन करून जास्तीचे पैसे मागितले होते, पण बिल्टीवर पूर्ण रक्कम लिहिलेली होती म्हणून त्याला काही बोलता आलं नाही. ओरिजिनल आरसी देऊ नका, कॉपी पुरते. आणि दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांच्या वर राहणार असाल तर आरटीओची एनओसी पण आत्ताच सुरू करा, गाडी गेल्यावर ते काम फार लांबतं.

रानवारा

आता पुढच्या भागाबद्दल, सकाळी म्हटलं होतं तसं.

आधी हे समजून घ्या की ट्रेलरवरची गाडी तुम्ही चालवता तेवढेच, किंबहुना थोडे कमीच खडे खाते, कारण ती उंचावर असते आणि ट्रकचा मोठा डबा बरंच अडवतो. धोका मुख्यतः ट्रकच्या मागच्या जोडचाकांतून उडणाऱ्या खड्यांचा, आणि तो बंपरच्या खालच्या भागाला, हेडलाइटला, बॉनेटच्या पुढच्या कडेला. म्हणजे झाकायचा भाग छोटा आहे.

सगळ्यात चांगला उपाय पारदर्शक पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म), पुढच्या बंपरला आणि बॉनेटच्या पुढच्या पट्ट्याला. गाडी नवीन आहे आणि पुढे वाळवंटात राहणार आहात तर तो खर्च वाया जात नाही, मूव्हनंतरही वर्षानुवर्षं उपयोगी. पण निघायच्या आदल्या दिवशी लावून घेऊ नका, चिकटून बसायला दोनेक आठवडे जाऊ द्या. तेवढं करायचं नसेल तर तात्पुरती जाड पारदर्शक फिल्म रोलमध्ये मिळते, रेस ट्रॅकवर गाडी नेणारे लावतात ती. गाडी नीट धुऊन, पूर्ण वाळवून मग लावा, आणि पोचल्यावर दुसऱ्या दिवशीच सावलीत काढा. पेंटरची निळी टेप त्यातली त्यात स्वस्त, पण ती खडे अडवत नाही फारशी आणि उन्हात राहिली तर गोंद मागे सोडते.

काळा रेक्झिनचा बॉनेट ब्रा (बॉनेटच्या पुढच्या भागाचं आवरण) मिळतो तो नको. खाली धूळ गेली की कव्हरचीच कथा, आणि पाऊस पडला की ओला राहतो.

निघायच्या आधी साधं मेणाचं पॉलिश मात्र करा, किडे आणि मीठ चिकटून बसत नाही. शिकागोचं हिवाळ्यातलं मीठ गाडीच्या खाली आत्ताच असेल, ते निघायच्या आधी खालून पाणी मारणाऱ्या कार वॉशमध्ये धुऊन घ्या, पोचल्यावर परत एकदा. लोंबणारं काही असेल, मडफ्लॅप, सैल झालेलं प्लॅस्टिक, ते क्लिप लावून पक्कं करा. छतावरचे आडवे दांडे, सायकलचा रॅक काढून ट्रकमध्ये टाका. वायपरवर काही लावायची गरज नाही. काचा आणि सनरूफ पूर्ण बंद.

ऋतुगंध

मी इन्शुरन्समध्ये काम करते म्हणून फक्त त्याबद्दल.

तुमच्या स्वतःच्या गाडीच्या पॉलिसीत कॉम्प्रिहेन्सिव्ह (चोरी, गारा वगैरे) आणि कोलिजन (धडक) दोन्ही असेल तर ओढली जात असताना तुमच्या सीआर-व्हीचं नुकसान बहुतेक वेळा त्यात बसतं, पण 'बहुतेक' वर विसंबू नका, एजंटला ईमेल करा आणि लेखी उत्तर घ्या. नेमका प्रश्न असा विचारा: भाड्याच्या ट्रकमागे भाड्याच्या ट्रेलरवर माझी गाडी असेल, तर गाडीचं काय, ट्रेलरचं काय, ट्रकचं काय, आणि आमच्या ट्रकने दुसऱ्या कुणाचं नुकसान केलं तर काय. चारही वेगळे प्रश्न आहेत. एवढ्या मोठ्या ट्रकला वैयक्तिक ऑटो पॉलिसी बऱ्याचदा लागू होत नाही, आणि क्रेडिट कार्डाचं रेंटल कव्हर तर ट्रकला जवळजवळ कधीच नसतं. त्यामुळे भाड्याच्या कंपनीचं कव्हर घ्या, आणि ओढलेल्या गाडीचा त्यात समावेश आहे का हे वाचून घ्या, कारण फक्त ट्रकचं कव्हर वेगळं आणि टोइंगचं वेगळं विकतात.

दीर चालवणार आहेत ना? त्यांचं नाव भाड्याच्या करारावर ड्रायव्हर म्हणून पाहिजे. नाव नसेल आणि अपघात त्यांच्या हातून झाला तर घेतलेलं कव्हर हातातून जाऊ शकतं.

फोटो: गाडी धुतल्यावर, दिवसाउजेडी, चारही बाजू, छत, चारही चाकं, काच, मीटर. चढवून बांधल्यावर परत एकदा. पोचल्यावर उतरवायच्या आधी परत.

हे सगळं वाचून वाटलं की नको बाबा, तर गाडी ओपन कॅरिअरवर पाठवणं हा पर्याय आहेच, त्यात कमीपणा काही नाही. फक्त ऑनलाइन कोटेशन देणारे बहुतेक ब्रोकर (दलाल) असतात, गाडी नेणारा ट्रकवाला वेगळाच. त्या ट्रकवाल्याचा यूएसडॉट (सरकारी नोंदणीचा) नंबर मागा, ट्रकवाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारच्या एफएमसीएसएच्या साइटवर तपासा, कार्गो इन्शुरन्सचं सर्टिफिकेट मागा. गाडी ताब्यात घेताना बिल ऑफ लेडिंगवर (वाहतुकीच्या पावतीवर) सही करायच्या आधी गाडी फिरून बघा, अंधारात आणली असेल तर मोबाइलच्या टॉर्चने बघा, आणि ओरखडा असेल तर त्याच कागदावर लिहा. ड्रायव्हर घाई करेल, तरी लिहा. ओरखडे न लिहिता सही केल्यानंतर क्लेम फार अवघड होतो.

चिंचगुळ

किती छान माहिती दिलीत सगळ्यांनी! पीपीएफसाठी शनिवारची अपॉइंटमेंट घेतली, एजंटला ईमेल पण केली. अजून तीन शंका. गाडीत सामान भरलं तर चालेल का, ट्रक फुल होतोय आणि कुंड्या वगैरे उरतायत. रात्री हॉटेलवर गाडी ट्रेलरवरच ठेवायची का? आणि टोलचं कसं?

पाऊलवाट

सामान भरू नका. एक तर वजन, दुसरं म्हणजे ते आत घरंगळून ट्रिम आणि काचा खराब होतात, ब्रेक मारल्यावर कुंडी डॅशबोर्डवर येते. शिवाय काचेतून खोकी दिसली की चोराला आमंत्रण. मांजर कुत्रा असेल तर तोही त्या गाडीत नाही, आणि माणूस तर कायद्यानेच नाही.

हॉटेल आधीच फोन करून बुक करा आणि विचारा की ट्रक आणि ट्रेलर मिळून पन्नास फुटांहून लांब आहे, सरळ आत जाऊन सरळ बाहेर निघता येईल का. पेट्रोलला पण ट्रकवाल्यांच्या मोठ्या स्टेशनवर जा. ट्रेलर रिव्हर्स घेणं नवीन माणसाला जमत नाही, तो वाकडा वळतो आणि ट्रकचा कोपरा तुमच्याच गाडीच्या बंपरला भिडतो. वळणावर पण ट्रेलर आतून कापतो, म्हणून रुंद वळण घ्यायचं. रात्री गाडी वरच राहू द्या, उजेडात, कॅमेऱ्यासमोर. दांड्याच्या कपलरला (ट्रकला जोडणाऱ्या टोकाला) मजबूत कुलूप लावा, नाहीतर ट्रेलर सोडवून गाडीसकट नेतात. गाडी लॉक, डॅशकॅमचा पार्किंग मोड बंद, नाहीतर चार दिवसांत बॅटरी उतरेल.

टोल: सीआर-व्हीवरचा आय-पास (इलिनॉयचा टोल टॅग) काढता येत असेल तर काढून फॉइलमध्ये गुंडाळून ठेवा, नाहीतर मागच्या गाडीचाही टोल कापला जाऊ शकतो. ओक्लाहोमात आय-४४ चा मोठा भाग टर्नपाइक (टोलचा रस्ता) आहे, तिथे नंबर प्लेटवरून बिल येतं आणि ॲक्सल मोजून येतं, तुमचे ट्रकचे दोन आणि ट्रेलरचे दोन धरले जातील. पेट्रोलचा अंदाज हवा असेल तर गॅलनला आठ मैल धरा, सव्वादोनशे गॅलनच्या आसपास लागेल.

गॅरेजवाला

कुंड्या शेजाऱ्यांना देऊन टाका, खरंच.

उतरवायचं राहिलं होतं ते सांगतो. चँडलरला पोचल्यावर थकलेले असाल, अंधार असेल तर गाडी त्या रात्री उतरवू नका. सकाळी सपाट जागा बघा, ट्रकचा हँडब्रेक लावा. ट्रेलर ट्रकपासून सोडवायच्या आधी गाडी उतरवायची, हे कधीही उलट करू नका, दांडा वर उसळतो. आधी ऋतुगंध ताईंनी सांगितलेले फोटो. मग फेंडर खाली पाडा, एकाने गाडीत बसून ब्रेकवर पाय दाबून धरायचा, दुसऱ्याने चेन काढायची, मग रॅचेट सावकाश सोडायचे, पट्टे ताणलेले असतात, तोंड जवळ नेऊ नका. रॅम्प पूर्ण बाहेर ओढून टेकवायचे. रिव्हर्समध्ये हळू, पाय ब्रेकवर, स्टीअरिंग सरळ, दुसरा माणूस मागे बाजूला उभा राहून बघणार.

गाडी खाली आली की इंजिन चालू करून दोन मिनिटं उभी ठेवा, खाली काही थेंब पडतायत का बघा, पट्टे जिथे होते तिथे टायरच्या बाजूला काप किंवा फुगवटा आहे का हात फिरवून बघा, चारही टायरची हवा तपासा. पार्किंगमध्येच एक चक्कर, ब्रेक मारून, दोन्ही बाजूंना पूर्ण स्टीअरिंग फिरवून. काही आवाज नाही आला की मग घरी न्या आणि त्याच दिवशी खालून धुऊन घ्या. ट्रेलर परत देताना त्याचेही फोटो काढा, आणि पावतीवर परत केल्याची वेळ लिहून घ्या.

दीर आणि नवरा यांना हा धागा प्रिंट करून ट्रकमध्ये द्या. न्यू मेक्सिकोत मध्ये मध्ये रेंज जाते.